फळमाशीची दीर्घकालीन स्मृती आणि तिच्यामागची जनुके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रोसोफिला मेलानोगास्टरवर स्मृतीचे प्रयोग पहिल्यांदा लावणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरे. भर आहे तो वास आणि विजेचा झटका यांची सांगड घालणाऱ्या प्रयोगावर. उंदरांचा विषय शेवटाकडे, थोडक्यात.

माशी शिकते हे मुळात कोणी दाखवले?

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत क्विन, हॅरिस आणि बेन्झर यांनी १९७४ मध्ये. झटक्यासोबत दिलेला वास माश्या नंतर टाळतात, एवढी साधी गोष्ट त्यांनी मोजता येईल अशा रीतीने मांडली. दोन वर्षांनी डन्स हा पहिला शिक्षण-म्युटंट (जनुकातल्या बदलामुळे शिकण्यात मागे पडणारी माशी) जाहीर झाला. त्यानंतर रुटाबागा, अम्नेझियाक, रॅडिश आले.

ही चारही जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत आणि तो योगायोग नाही. नरांना जनुकांत बदल घडवणारे ईएमएस हे रसायन पाजून त्यांचा संकर जोडलेले दोन एक्स असणाऱ्या माद्यांशी केला, तर मुलग्यांना बापाचाच एक्स मिळतो आणि अप्रभावी दोषही पहिल्याच पिढीत उघडा पडतो. शोध जिथे सोपा होता तिथे तो आधी झाला. यावरून 'स्मृतीची जनुके एक्सवर असतात' असा अर्थ कोणी काढू नये.

ही जनुके करतात काय?

डन्समधून सीएएमपी (पेशीच्या आत संदेश पोहोचवणारा छोटा रेणू) तोडणारे फॉस्फोडायएस्टरेज विकर बनते, तर रुटाबागामधून सीएएमपी तयार करणारे अ‍ॅडेनिलिल सायक्लेज. हे सायक्लेज कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनने चेतवले जाते. गंमत अशी की एका म्युटंटमध्ये सीएएमपी वाढतो, दुसऱ्यात त्याची निर्मिती घटते, आणि शिकण्यात दोघेही मागे पडतात. म्हणजे सीएएमपी नुसता जास्त असून भागत नाही. तो योग्य पेशीत, योग्य क्षणी वाढावा आणि उतरावा लागतो. रुटाबागाचे सायक्लेज वास (कॅल्शियममार्गे) आणि झटका (डोपामीनमार्गे) एकाच वेळी पोहोचल्याचे ओळखते, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. हे घडते मश्रूम बॉडी या मेंदूतल्या वास-स्मृतीच्या केंद्रातल्या केन्यन पेशींत. त्या मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात सुमारे २,००० असतात.

डन्सचा स्टॉक सांभाळणाऱ्यांसाठी एक सूचना: तीव्र अ‍ॅलीलच्या होमोझायगस (दोन्ही प्रती त्याच असलेल्या) माद्या जवळजवळ वंध्य असतात. स्टॉक बॅलन्सरवर (म्युटेशन टिकवून ठेवणाऱ्या खास गुणसूत्रावर) ठेवा आणि प्रयोगाला नर वापरा.

'दीर्घकालीन' म्हणजे नेमके किती काळ?

निव्वळ काळावरून ठरवाल तर फसाल. २४ तासांनी माशीत दोन वेगळ्या प्रकारच्या स्मृती शिल्लक असू शकतात. एक, नवीन प्रथिने तयार झाल्याशिवाय न बनणारी खरी दीर्घकालीन स्मृती. हिला पुढे एलटीएम म्हणू. दुसरी, बर्फाच्या बधिरीकरणाने न पुसली जाणारी पण नव्या प्रथिनांची गरज नसलेली एआरएम. रॅडिश म्युटंटमध्ये बिघडते ती ही दुसरी. एलटीएम आठवडाभर टिकते, एआरएम काही दिवसांत विरते. 'चोवीस तासांची स्मृती कमी झाली' आणि 'एलटीएम बिघडली' ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे करायचे असेल तर पुढे दिलेले सगळे नियंत्रण-प्रयोग हाताशी हवेत.

प्रशिक्षणाची प्रत्यक्ष कृती काय?

टली आणि क्विन यांनी १९८५ मध्ये दिलेली टी-मेझची (दोन वासांतून निवड करायला लावणाऱ्या यंत्राची) पद्धत आजही प्रमाण मानतात. खोली २५ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ७० टक्के, मंद लाल उजेड (लाल प्रकाश माशीला जवळपास दिसत नाही). सुमारे १०० माश्या, वय २ ते ५ दिवस.

१. आतून तांब्याची जाळी बसवलेल्या नळीत माश्या घ्या आणि साधारण दीड मिनिट साध्या हवेत स्थिरावू द्या.
२. पहिला वास ६० सेकंद. त्याच वेळी ६० व्होल्टचे १२ झटके, दर ५ सेकंदांनी एक, प्रत्येक सव्वा सेकंदाचा.
३. ४५ सेकंद साधी हवा.
४. दुसरा वास ६० सेकंद, झटक्याविना.
५. पुन्हा ४५ सेकंद साधी हवा.

हे झाले एक चक्र. चाचणीच्या वेळी माश्यांना टी-मेझच्या चौकात उतरवा, दोन्ही बाजूंनी एकेक वास सोडा, १२० सेकंद थांबा, दारे बंद करा आणि मोजा. वासांची रूढ जोडी म्हणजे ३-ऑक्टॅनॉल आणि ४-मेथिलसायक्लोहेक्सॅनॉल, खनिज तेलात साधारण हजारास एक या प्रमाणात. पण हे प्रमाण पुस्तकातून उचलू नका. तुमच्याच यंत्रावर न शिकवलेल्या माश्या दोन वासांत निम्म्या-निम्म्या वाटल्या जाईपर्यंत ते कमी-जास्त करत राहा.

एका चक्राने एलटीएम का बनत नाही?

झटक्याच्या शिक्षणात एका चक्राची स्मृती दिवसभरात बरीचशी ओसरते. टली आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले, की १० चक्रे प्रत्येकी १५ मिनिटांच्या विश्रांतीने दिली तर एलटीएम बनते. तीच १० चक्रे सलग दिली तर बनत नाही, उरते ती एआरएम. झटके तितकेच, वास तितकेच, फरक फक्त विश्रांतीचा. परीक्षेच्या आदल्या रात्री एका बैठकीत केलेला अभ्यास आणि महिनाभर थोडाथोडा केलेला अभ्यास यांतला फरक माशीलाही चुकलेला नाही.

विश्रांतीची लांबीही जनुकांवर ठरते. कॉर्कस्क्रू हे जनुक एसएचपी-२ फॉस्फेटेज बनवते. माणसात याच्या अतिसक्रिय रूपांमुळे नूनन सिंड्रोम होतो. अशी रूपे असलेल्या माश्यांत १५ मिनिटांच्या विश्रांतीने एलटीएम बनत नाही, पण विश्रांती ४० मिनिटांची केली की बनते. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून म्युटंट 'नापास' झाला तर निदान एकदा तरी विश्रांती बदलून पाहा. दोष साठवणीत आहे की वेळेच्या गणितात, हे त्याशिवाय कळत नाही.

विश्रांतीसह १० चक्रांना सुमारे तीन तास लागतात, सलग चक्रांना पाऊण तासाच्या आत. दोन्ही गटांची चाचणी एकाच वेळी यावी म्हणून सलग गट उशिरा सुरू करा. मधल्या २४ तासांत माश्या खाद्य असलेल्या व्हायलमध्ये १८ अंशांवर ठेवण्याची प्रथा आहे.

पीआय (परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजे स्मृतीचा गुणांक) कसा काढायचा? किती माश्या लागतात?

झटक्याचा वास टाळणाऱ्या माश्यांतून न टाळणाऱ्या वजा करा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा. चौकातच अडकलेल्या माश्या हिशेबात धरायच्या नाहीत. समजा ऑक्टॅनॉलवर झटका दिलेल्या गटात ८० माश्यांनी तो टाळला, २० जणी फसल्या: ०.६०. मेथिलसायक्लोहेक्सॅनॉलवर झटका दिलेल्या दुसऱ्या गटात ७० आणि ३०: ०.४०. पीआय म्हणजे या दोहोंची सरासरी, ०.५०.

दोन गट मिळून एक आकडा, म्हणजे एक 'एन' म्हणजे साधारण २०० माश्या. प्रत्येक जीनोटाइपला किमान ८ एन ठेवा. एका गटातल्या १०० माश्यांना १०० स्वतंत्र नमुने समजणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्या एकाच हवेत, एकाच जाळीवर, एकमेकींना धडकत निर्णय घेतात. व्हायलवरचे नाव झाकून दुसऱ्याने सांकेतिक क्रमांक टाकावेत, आणि मोजणाऱ्याला त्यामागचा जीनोटाइप कळू नये.

सामान्य माश्यांचाच पीआय कमी येतोय. काय बिघडले असेल?

शिकवल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत कँटन-एस (प्रमाण मानल्या जाणाऱ्या सामान्य वंशाच्या) माश्यांचा पीआय ०.८ च्या आसपास यायला हवा. तो ०.५ वर अडकला असेल तर म्युटंट हातातही घेऊ नका, आधी यंत्र तपासा.

सर्वात आधी जाळी. माश्यांची विष्ठा आणि दमटपणा यांमुळे शेजारच्या तारा जोडल्या जातात आणि झटका माशीऐवजी त्या वाटेने निघून जातो. जाळी इथेनॉलने पुसून पूर्ण वाळवा. व्होल्टेज पुरवठा-यंत्राच्या तबकडीवर न बघता प्रत्यक्ष जाळीवर मोजा. झटका बसताना माश्या उडी मारताना दिसल्या पाहिजेत. अर्ध्याच उडत असतील तर एखादी तार तुटली आहे.

मग वास. मऊ प्लास्टिकच्या नळ्या ऑक्टॅनॉल शोषून घेतात आणि नंतर तासन्‌तास सोडत राहतात. 'साधी हवा' मग साधी राहत नाही. टेफ्लॉनच्या नळ्या वापरा आणि प्रत्येक वासाची नळी कायमची वेगळी ठेवा. दोन्ही बाजूंचा प्रवाह फ्लोमीटरने जुळवा. सरकत्या भागातून हवा गळत असेल तर एका बाजूला ओढ जास्त होते आणि माश्या वाऱ्याकडे बघून ठरवतात, वासाकडे नाही. एका अर्ध्या गटाचा आकडा ०.९ आणि दुसऱ्याचा ०.१ असे वारंवार येत असेल तर शंका प्रवाहावर किंवा वासांच्या प्रमाणावर घ्यावी. सरासरी बरी दिसते म्हणून ते दडपू नये.

आर्द्रता हा आपल्याकडचा खास प्रश्न. एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत आणि जुलैमध्ये मुंबईच्या ओलीत एकाच यंत्राचे आकडे वेगळे येणारच. खोलीत ह्युमिडिफायर आणि डीह्युमिडिफायर दोन्ही हवेत; नुसता एसी हवा आणखी कोरडी करतो.

शेवटी माश्या. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केल्यावर किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस जाऊ द्या. खच्चून भरलेल्या बाटलीतल्या, माइट लागलेल्या किंवा बुरशी आलेल्या खाद्यावर वाढलेल्या माश्या वापरू नका. प्रशिक्षण दिवसाच्या ठरावीक वेळीच द्या.

नवीन प्रथिने बनणे रोखणारे सायक्लोहेक्झिमाइड कसे द्यायचे?

३५ मिलिमोलर सायक्लोहेक्झिमाइड ५ टक्के ग्लुकोजमध्ये, फिल्टर पेपरच्या पट्टीवर, प्रशिक्षणाआधी १२ ते १४ तास. नियंत्रण गटाला तितकाच वेळ फक्त ग्लुकोज. द्रावणात थोडा खाण्याचा निळा रंग घातला की पोट बघून कोणी प्यायले ते कळते. हे माणसालाही विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घाला आणि पावडर फ्यूम हूडमध्येच तोला.

अपेक्षित चित्र असे: विश्रांतीसह शिकवलेल्या माश्यांचा २४ तासांचा पीआय साधारण निम्म्यावर येतो, सलग शिकवलेल्यांचा जागचा हलत नाही. तो शून्यावर येत नाही म्हणून घाबरू नका, उरते ती एआरएम. सलग गटाचाही पीआय घसरला तर औषधाने माश्या आजारी पडल्या आहेत आणि त्या दिवसाचे आकडे टाकून द्यावेत.

माझ्या म्युटंटची २४ तासांची स्मृती कमी आहे. एलटीएमचे जनुक सापडले म्हणू का?

अजून नाही. आधी पुढच्या प्रश्नांना आकड्यांनी उत्तर द्या. न शिकवलेल्या म्युटंटला दोन्ही वास सामान्य माशीइतकेच ओळखता येतात का? प्रत्येक वास आणि नुसते तेल अशी निवड देऊन बघा, आणि ती प्रयोगात वापरलेल्याच प्रमाणावर. झटका तितकाच टाळते का? एका चक्रानंतर लगेचचा पीआय सामान्य आहे का? तो मुळातच कमी असेल तर दोष शिकण्यात आहे. सलग १० चक्रांनंतरची २४ तासांची स्मृती शाबूत आहे का? नसेल तर संशय एआरएमवर. आणि म्युटंटला सायक्लोहेक्झिमाइड दिल्यावर पीआय आणखी घसरतो का? एलटीएम आधीच नसेल तर घसरायला काही उरत नाही.

एवढे झाल्यावरही एक प्रश्न राहतो: जनुक प्रौढ माशीत शिकताना लागते, की कोशावस्थेत मेंदू घडताना लागले होते? त्याचे उत्तर हव्या त्या वेळी, उदाहरणार्थ तापमानाने, चालू-बंद होणाऱ्या जनुक-साधनांनी मिळते.

जनुकीय पार्श्वभूमी (तपासायच्या जनुकाखेरीज बाकीची जनुके) जुळवणे खरेच इतके महत्त्वाचे आहे का?

हो. स्मृतीविषयीचे अनेक दावे इथेच कोसळतात. शिकण्यात अडचण असलेला स्टॉक वर्षानुवर्षे एकटा ठेवला की दोष सौम्य करणारे बदल आपोआप निवडले जातात. मश्रूम बॉडीच्या रचनेच्या म्युटंटांमध्ये डी बेल आणि हायझेनबर्ग यांनी हे १९९० च्या दशकातच दाखवले: पार्श्वभूमी बदलल्यावर दोषाची तीव्रता बदलत होती.

उपाय कंटाळवाणा पण सरळ. ज्या स्टॉकशी तुलना करणार त्याच्याशी म्युटंटचा संकर किमान ५-६ पिढ्या करा. प्रत्येक पिढीत म्युटेशन मादीमार्फत पुढे न्या, कारण ड्रोसोफिलाच्या नरात गुणसूत्रांची देवाणघेवाण होत नाही. नरामार्फत नेलेत तर शेजारचा भाग जसाच्या तसा पुढे येत राहील. खुद्द व्हाइट या डोळ्यांच्या रंगाच्या जनुकाचा वर्तनावर परिणाम होतो, त्यामुळे पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांची तुलना मिनी-व्हाइट (बाहेरून घातलेली व्हाइटची आवृत्ती) असलेल्या लाल डोळ्यांच्या माश्यांशी करू नका.

गॅल४-यूएएस आणि गॅल८०टीएस वापरताना काय सांभाळावे?

गॅल४ हे प्रथिन यूएएस या डीएनए-तुकड्याला चिकटून पुढचे जनुक चालू करते; गॅल८०टीएस हे तापमानानुसार गॅल४ ला दाबणारे प्रथिन. गॅल४ जागा ठरवतो, गॅल८०टीएस वेळ. माश्या १८ अंशांवर वाढवा. तिथे गॅल८० गॅल४ ला दाबून ठेवतो. प्रौढ झाल्यावर २-३ दिवस ३० अंशांवर ठेवा, म्हणजे दाब सुटतो. २००३ मध्ये याच युक्तीने दाखवले गेले, की रुटाबागा फक्त प्रौढ मश्रूम बॉडीत परत दिले तरी शिकणे सुधारते. म्हणजे त्या जनुकाचे काम प्रौढ मेंदूतच आहे.

प्रत्येक प्रयोगात तीन जीनोटाइप हवेत: गॅल४ एकटा, यूएएस एकटा आणि दोन्ही. हे तिन्ही ३० अंशांवर, आणि तिन्ही १८ वरच ठेवलेल्या माश्यांतही. जोरदार गॅल४ असेल तर १८ अंशांवरही थोडी गळती होते, ती रिपोर्टरने तपासा. १८ अंशांवर एका पिढीला जवळपास १९ दिवस लागतात, २५ वर १०. वेळापत्रक आखताना हे विसरले जाते आणि मग माश्यांचे वय जुळत नाही.

आरएनएआय (जनुकाचा आरएनए नष्ट करून त्याचे काम घटवणारी पद्धत) वापरत असाल तर एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या भागांवरच्या निदान दोन लाइन घ्या आणि आरएनए किंवा प्रथिन खरेच घटले ते मोजा. व्हिएन्नाच्या केके संग्रहातल्या काही लाइनमध्ये ४०डी या जागी घुसलेला तुकडा स्वतःच दोष निर्माण करतो, तेव्हा घुसण्याची जागा पीसीआरने आधी पाहून घ्या.

क्रेब (इतर जनुके चालू करणारे प्रथिन) वाढवून स्मृती तल्लख करता येते ना?

इथे दोन निष्कर्ष वेगळे ठेवायला हवेत. १९९४ मध्ये यिन आणि सहकाऱ्यांनी क्रेबचे दाबणारे रूप उष्णतेने चालू केले (३७ अंश, ३० मिनिटे, प्रशिक्षणाआधी ३ तास). शिकणे आणि एआरएम तशीच राहिली, एलटीएम मात्र बनली नाही. क्रेबची गरज पुढे इतर गटांनाही दिसली.

१९९५ चा दुसरा दावा जास्त गाजला: क्रेबचे चेतवणारे रूप दिले की एकाच चक्रात एलटीएम बनते. 'छायाचित्रासारखी स्मृती' म्हणून तो वर्तमानपत्रांतही पोहोचला. २००४ मध्ये पेराझोना आणि सहकाऱ्यांना तो परिणाम मिळाला नाही. शिवाय त्या चेतवणाऱ्या ट्रान्सजीनमध्ये (बाहेरून घातलेल्या जनुकात) प्रथिन अर्ध्यावर तोडणारे म्युटेशन आढळले. आजही काही ठिकाणी हा दावा पक्का म्हणून शिकवला जातो. शिकवू नये. आणि स्वतःचा ट्रान्सजीन सीक्वेन्स केल्याशिवाय क्रॉस लावू नये.

माश्या उपाशी असल्या तर?

निकाल उलटसुलट होऊ शकतो. साखरेच्या बक्षिसाने शिकवताना माश्या उपाशीच लागतात, आणि तिथे दोन मिनिटांच्या एका प्रशिक्षणानेही एलटीएम बनते. झटक्याच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे आहे. २०१३ मध्ये सायन्समध्येच दोन निष्कर्ष आले: उपासमारीत मेंदू झटक्याची एलटीएम बनवणे बंद करतो, असे प्लासे आणि प्रेआ यांना दिसले, तर बेताच्या उपवासानंतर सीआरटीसी या क्रेबच्या साथीदारामुळे एका चक्रातच ती बनते, असे जपानी गटाला. म्हणून 'माश्या साधारण पोट भरलेल्या होत्या' असे मोघम लिहू नका. खाद्य कधी काढले, कधी दिले, हे तासांत लिहा.

खाद्याचे प्रमाण?

एक लिटर पाण्याला मक्याचे पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, यीस्ट १५ ग्रॅम, अगार ८ ग्रॅम. सतत ढवळत शिजवा, नाहीतर पीठ तळाला धरते. ६० अंशांच्या आसपास निवल्यावर प्रोपिऑनिक आम्ल ४ मिली आणि इथेनॉलमध्ये विरघळवलेले १ ग्रॅम मिथाइलपॅराबेन घाला. गरम असताना घातलेत तर आम्ल उडून जाते आणि चार दिवसांत बुरशी दिसते. व्हायल मलमलीखाली रात्रभर सुकू द्या. ओल्या भिंतींना माश्या चिकटून मरतात.

उंदरांत हेच दिसते का?

मूळ सूत्र तेच. १९९४ मध्ये क्रेबची दोन रूपे नसलेल्या उंदरांना भीतीची आठवण ३० मिनिटांनी ठीक होती, २४ तासांनी क्षीण. १९९७ मध्ये मात्र प्रशिक्षणात पुरेसे अंतर ठेवल्यावर हेच उंदीर दीर्घकाळ लक्षात ठेवू शकले. माश्यांतल्या विश्रांतीच्या गोष्टीशी हे जुळते.

पार्श्वभूमीचा सापळा इथेही आहे आणि जास्त खर्चीक आहे. एफव्हीबी आणि सी३एच हे वंश आरडी१ म्युटेशनमुळे आंधळे होतात. त्यांना पाण्याच्या चक्रव्यूहात सोडून 'स्मृती नाही' म्हणणे हास्यास्पद ठरेल. पीकेएम-झीटा या, स्मृती टिकवते असे मानल्या गेलेल्या विकराचे उदाहरणही लक्षात ठेवा. झिप हे रेणू त्याला दाबून स्मृती पुसते असे मानले जात होते. २०१३ मध्ये ते जनुकच नसलेले उंदीर दोन गटांनी तपासले. स्मृती सामान्य होती, आणि झिप तरीही ती पुसत होते.

परवानग्या आणि स्टॉक कुठून?

उंदरांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि सीसीएसईएची (प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीची) चौकट लागते. माश्यांसाठी ती लागत नाही, पण ट्रान्सजेनिक माश्यांचा प्रस्ताव संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे ठेवावा. स्टॉक अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन केंद्रातून किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस आवारातल्या फ्लाय फॅसिलिटीतून मिळतात. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकातच माशीच्या वास-चवीची जनुके शोधायला सुरुवात केली होती, त्यामुळे वासाच्या प्रयोगांतला अनुभव महाराष्ट्रात जुना आहे. पुण्यातल्या आयसर आणि आघारकर संस्थेतही ड्रोसोफिलावर काम चालते.

आलेला स्टॉक थेट जुन्या स्टॉकशेजारी ठेवू नका. दोन पिढ्या वेगळ्या ट्रेमध्ये काढा, माइट नाहीत याची भिंगाखाली खात्री करा, मगच पार्श्वभूमी जुळवायला घ्या. २५ अंशांवर सहा पिढ्यांना दोन महिने लागतात, आणि पहिला विश्वासार्ह एलटीएमचा आकडा त्यानंतरच हाती येतो.